अळवावरचे पाणी आणि दुकानाचा फलक

बंगळुरू शहरात २०२४ हे वर्ष उजाडले ते पाट्या बदलण्याच्या लगबगीत. दुकानाच्या फलकावरील किमान साठ टक्के भाग कन्नड भाषेला दिला पाहिजे, या नियमाच्या पालनासाठी तत्कालीन बृहत् बंगळुरू महानगरपालिकेने २८ फेब्रुवारी २०२४ ही अखेरची मुदत दिली होती. त्याच महिन्यात कर्नाटकाच्या विधिमंडळाने या संबंधीच्या कायद्यातही तशी दुरुस्ती केली. चिकपेटच्या दाटीवाटीच्या गल्ल्यांपासून शहराच्या नव्या वस्त्यांपर्यंत जुने फलक उतरू लागले आणि नवे चढू लागले.

फेब्रुवारी सरला की बंगळुरूत वळवाच्या पावसाचे दिवस जवळ येतात. मार्च ते मे या काळात दिवसभर ऊन तापते, दुपारनंतर आभाळ भरून येते आणि सोसाट्याच्या वाऱ्यासह सरी कोसळतात. घाईने लावलेल्या फलकाची खरी परीक्षा त्या वेळी होते. अक्षर सुबक असेल, रंगसंगती उत्तम असेल, दुकानदारही संतुष्ट असेल. पण पहिल्याच वादळात अक्षरे गळून पडली किंवा पत्रा चौकटीपासून सुटून रस्त्यावर आला, तर कारागिराचे सारे श्रम वाया जातात. रस्त्यावरून चालणाऱ्या एखाद्याच्या डोळ्याला किंवा दुचाकीस्वाराला इजा झाली, तर झालेले नुकसान पैशाने भरून निघत नाही.

असा फलक का सुटतो, असे विचारल्यास बहुधा एकच उत्तर मिळते : ‘डिंक चांगला नव्हता.’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. अनेकदा डिंक उत्तम असतो. तो ज्या पृष्ठभागावर लावला, तो पृष्ठभाग त्याला स्वीकारत नाही. कोणत्या वस्तूला काय चिकटते आणि का चिकटते, याचा विचार केल्यावाचून योग्य चिकटद्रव्याची निवड करता येत नाही.

पत्रा ओळखणे

फलकांसाठी वापरला जाणारा पन्हळी प्लास्टिकचा पत्रा बहुतेकांनी पाहिलेला असतो. निवडणुकीचे फलक, घर भाड्याने देण्याच्या पाट्या, दुकानांतील जाहिराती, फळांचे व औषधांचे खोके अशा अनेक ठिकाणी तो दिसतो. दोन पातळ सपाट थर आणि त्यांच्या मध्ये उभ्या पडद्यांची रांग, अशी त्याची रचना असते. कडेने पाहिले असता चौकोनी पोकळ नळ्या शेजारी शेजारी ठेवल्याप्रमाणे दिसतात. या पोकळ रचनेमुळे पत्रा वजनाला अतिशय हलका असूनही नळ्यांच्या दिशेने ताठ राहतो. बाजारात त्याला ‘सनपॅक’ या नावानेही ओळखतात.

नावातील साम्यामुळे येथे पहिली चूक होते. ‘सनबोर्ड’ या नावाने विकला जाणारा पत्रा वेगळा असतो. तो पीव्हीसीच्या घट्ट फेसाचा बनवलेला असून त्याच्या कडेला नळ्या दिसत नाहीत. चकचकीत अक्षरांसाठी वापरला जाणारा ॲक्रिलिकचा पत्रा आणखी निराळा. पीव्हीसी आणि ॲक्रिलिक यांना जोडणे तुलनेने सोपे असते, कारण काही द्रावके त्यांचा पृष्ठभाग किंचित विरघळवतात. दोन विरघळलेले पृष्ठभाग एकमेकांवर दाबले आणि द्रावक उडून गेले, की तेथे एकजीव सांधा तयार होतो. नळजोडणीचे काम करणारे कारागीर पीव्हीसीचे नळ याच पद्धतीने जोडतात.

पन्हळी पत्रा मात्र बहुधा पॉलिप्रोपिलीनचा असतो. इटलीतील रसायनशास्त्रज्ञ जुलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये या पदार्थाचे नियमित रचनेचे रूप प्रयोगशाळेत तयार केले. अशा बहुवारिकांच्या संशोधनाबद्दल त्यांना आणि जर्मन शास्त्रज्ञ कार्ल त्सीग्लर यांना १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पॉलिप्रोपिलीन पाण्याने खराब होत नाही, बहुतेक आम्लांना दाद देत नाही आणि सामान्य तापमानाला नेहमीच्या द्रावकांत विरघळत नाही. खोक्यासाठी आणि फलकासाठी हे सारे गुण आहेत. परंतु जोडणाऱ्याच्या दृष्टीने तेच गुण अडचणीचे ठरतात. जो पदार्थ कशालाच दाद देत नाही, तो डिंकालाही दाद देत नाही.

छतासाठी वापरला जाणारा पॉलिकार्बोनेटचा पोकळ पत्राही दिसायला साधारण असाच असतो. दोहोंतील फरक ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. पत्र्याच्या सपाट थराचा लहानसा तुकडा कापून, त्यात हवा अडकलेली नाही हे पाहून, तो पाण्यात बुडवून सोडावा. पॉलिप्रोपिलीन पाण्याहून हलके असल्यामुळे तुकडा वर येऊन तरंगतो. पॉलिकार्बोनेटचा तुकडा तळाशी जातो.

चिकटण्यापूर्वी भिजणे

मराठीत ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार क्षणभंगुर गोष्टीसाठी वापरला जातो. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब पसरत नाही. तो मोत्यासारखा गोळा होतो आणि पान जरा हलले की घरंगळून जातो. पानाला पाणी लागलेले दिसते, पण पान भिजत नाही. पॉलिप्रोपिलीनच्या पत्र्यावर पातळ चिकटद्रव्य ओतले असता काहीसा हाच प्रकार घडतो.

प्रत्येक द्रवाच्या पृष्ठभागावर एक प्रकारचा ताण असतो. त्याला पृष्ठताण म्हणतात. त्यामुळे द्रव स्वतःला गोळा करून ठेवू पाहतो. घन पदार्थाच्या पृष्ठभागाकडे द्रवाला ओढून घेण्याची जी क्षमता असते, तिला पृष्ठऊर्जा असे म्हणतात. पृष्ठऊर्जा अधिक असेल तर द्रव पसरतो. ती कमी पडली तर द्रव गोळा होऊन राहतो. पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन आहे. पॉलिप्रोपिलीनची पृष्ठऊर्जा याच मापाने अवघी ३० च्या आसपास भरते. ॲक्रिलिक आणि पीव्हीसी ४० च्या जवळ असतात, तर स्वच्छ काच आणि स्वच्छ धातू यांची पृष्ठऊर्जा कितीतरी पटींनी जास्त असते. म्हणूनच काचेला घट्ट धरणारे द्रव्य पन्हळी पत्र्यावर सपशेल अयशस्वी ठरू शकते.

चिकटद्रव्याने काम करावे यासाठी त्याने आधी पृष्ठभागावर नीट पसरून त्याला भिजवले पाहिजे. दोन पदार्थांचे रेणू अत्यंत निकट आले तरच त्यांच्यातील आकर्षण कामी येते. जेथे द्रव पसरत नाही, तेथे मध्ये हवेच्या सूक्ष्म पोकळ्या राहतात. वरून सांधा भरलेला दिसतो. आत मात्र तो ठिकठिकाणी सुटलेलाच असतो.

हे तत्त्व जुन्या कारागिरांना अनुभवाने ठाऊक होते. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा कारागीर भांडे तापवतो, त्यावर नवसागर टाकतो आणि मगच कथील फिरवतो. नवसागरामुळे धातूवरचा गंज आणि मळ निघून जातो व वितळलेले कथील भांडेभर एकसारखे पसरते. नवसागर न टाकता कथील लावले, तर त्याचे गोळे होतात. कल्हईचे टिकणे केवळ कथिलावर अवलंबून नसते. ते भांड्याच्या तयारीवरही अवलंबून असते.

पॉलिप्रोपिलीनच्या बाबतीत ही तयारी कारखान्यातही करता येते. पत्रा तयार होत असतानाच त्याच्या पृष्ठभागावरून उच्च दाबाच्या विजेचा झोत सोडतात. या क्रियेला कोरोना प्रक्रिया म्हणतात. तिच्यामुळे पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त रासायनिक गट तयार होतात आणि पृष्ठऊर्जा साधारण ३८ ते ४२ पर्यंत वाढते. छपाईसाठी विकल्या जाणाऱ्या पत्र्यावर शाई टिकते ती यामुळेच. परंतु हा परिणाम कायमचा नसतो. काळाबरोबर तो ओसरत जातो. नव्या मालावर उत्तम चिकटणारे द्रव्य गोदामात दीर्घकाळ पडून राहिलेल्या त्याच प्रकारच्या पत्र्यावर चिकटत नाही, याचे कारण अनेकदा येथे सापडते. पृष्ठऊर्जा अजमावण्यासाठी ठरावीक क्रमांकाच्या शाईच्या लेखण्या मिळतात. लेखणीची रेघ अखंड राहिली तर पृष्ठऊर्जा त्या क्रमांकाइतकी आहे असे समजावे. रेघ तुटून थेंब झाले तर ती कमी आहे असे जाणावे.

वाऱ्याचा हिशेब

पृष्ठभाग जाणल्यानंतरचा प्रश्न असा, की सांध्याला किती जोर सोसावा लागणार आहे? पत्रा हलका असल्यामुळे येथे फसगत होते. तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद फलक घेतला आणि पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला ७०० ग्रॅम धरले, तर संपूर्ण फलक चारशे ग्रॅमच्या आतच भरतो. एवढे वजन कोणताही डिंक पेलेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण फलकाला तोलायचे असते ते वाऱ्याला, स्वतःच्या वजनाला नव्हे.

इमारतींवरील वाऱ्याच्या भारासंबंधीच्या भारतीय मानकात, म्हणजे मानक क्रमांक ८७५ च्या तिसऱ्या भागात, बंगळुरूसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ११९ किलोमीटर धरलेला आहे. वाऱ्याचा दाब काढण्याचे सूत्र साधे आहे : वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणावे. ३३ चा वर्ग १०८९, त्याला ०.६ ने गुणले असता सुमारे ६५३ न्यूटन प्रति चौरस मीटर असा दाब येतो. वर सांगितलेल्या फलकाचे क्षेत्रफळ अर्ध्या चौरस मीटरहून थोडे अधिक आहे. त्यावर येणारा जोर सुमारे ३६४ न्यूटन, म्हणजे ३७ किलो वजनाइतका भरतो. वेग याच्या निम्मा असला तरी हा जोर नऊ किलोच्या आसपास राहतो. प्रत्यक्षातील जोर फलकाची उंची, आकार आणि आजूबाजूच्या इमारती यांनुसार बदलतो. तथापि चारशे ग्रॅम आणि ३७ किलो यांतील अंतर ध्यानात राहिले, तरी या हिशेबाचा हेतू साध्य झाला.

जोराची दिशाही तितकीच महत्त्वाची असते. एकावर एक चिकटवलेल्या दोन पट्ट्या विरुद्ध दिशांना ओढल्या, तर संपूर्ण सांधा एकत्रितपणे तो जोर सोसतो. पण एका पट्टीचे टोक धरून ती वर उचलली, की सारा जोर त्या क्षणी एका बारीक रेषेवर येतो. ती रेषा सुटली की पुढची, मग त्याच्या पुढची. केळ्याची साल सोलली जावी तसा सांधा उलगडत जातो. जखमेवरची चिकटपट्टी एका कोपऱ्यापासून काढणे सोपे का असते, याचे उत्तरही हेच आहे. वारा फलकाच्या मोकळ्या कोपऱ्यात शिरतो आणि नेमका हाच सोलण्याचा जोर लावतो. म्हणून कोपरा कधीही मोकळा सोडू नये. ठिपक्यांनी डिंक लावून मधला भाग चिकटवण्यापेक्षा कडेने अखंड सांधा देणे अधिक हिताचे असते.

वाऱ्याच्या जोडीला ऊन असते. तापल्यावर पॉलिप्रोपिलीन बरेच प्रसरण पावते. तापमान ३० अंशांनी वाढले तर एक मीटर लांबीचा पत्रा सुमारे तीन ते साडेचार मिलिमीटर वाढतो. तेवढ्याच लांबीची ॲल्युमिनियमची चौकट पाऊण मिलिमीटरही वाढत नाही. आठ फुटी पत्र्यात ही वाढ सात मिलिमीटरच्या पुढे जाते. पत्रा आणि चौकट यांच्यामध्ये काचेसारखे कडक होणारे द्रव्य असेल, तर रोजच्या या ओढाताणीत त्याला तडे जातात. म्हणून उन्हात राहणाऱ्या फलकासाठी ताकदीबरोबरच थोडे ताणले जाण्याचा गुणही चिकटद्रव्यात असावा लागतो.

चिकटद्रव्यांची पारख

बाजारातील चिकटद्रव्यांकडे आता या तीन कसोट्या लावून पाहता येईल : ते पत्र्याला भिजवते काय, सोलण्याचा जोर सोसते काय आणि ऊन-पावसात टिकते काय.

पिठाची खळ, बाभळीचा डिंक आणि जनावरांच्या चामड्या-हाडांपासून होणारा सरस ही आपल्याकडील जुनी चिकटद्रव्ये होत. कागद आणि लाकूड यांच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून ती वाळतात आणि तेथे रुतून बसतात. पांढरा लाकूडकामाचा डिंकही याच वर्गातला. १९५९ पासून भारतीय सुतारकामात रुळलेला फेविकॉल हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. लाकडासाठी तो उत्तम असतो. पण पॉलिप्रोपिलीनला छिद्रे नसतात. डिंकातील पाणी बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि वाळलेला थर नखाने पापुद्र्यासारखा निघून येतो. येथे दोष डिंकाचा नसून निवडीचा असतो.

झटपट चिकटणारे द्रव्य, ज्याचे रासायनिक नाव सायनोॲक्रिलेट आहे, ते अमेरिकेत १९४२ मध्ये हॅरी कूव्हर यांच्या संशोधनाच्या ओघात सापडले आणि १९५८ मध्ये विक्रीस आले. त्याचा थेंब बोटे क्षणात चिकटवतो. त्यामुळे ते कशालाही चिकटेल असा समज होतो. नुसत्या पॉलिप्रोपिलीनवर मात्र त्याची पकड कच्ची राहते. या प्लास्टिकसाठी तयार केलेला पूर्वलेप आधी लावला, तर पकड बरीच सुधारते. कल्हईत नवसागराचे जे काम, तेच येथे या पूर्वलेपाचे. तरीही हा सांधा ठिसूळ राहतो. लहान, हादरे न बसणाऱ्या भागांपुरताच तो योग्य होय.

दोन नळ्यांतील द्रव्ये मिसळून वापरले जाणारे इपॉक्सी धातूवर आणि दगडावर फार बळकट असते. प्रक्रिया न केलेल्या पन्हळी पत्र्यावरून मात्र ते कडक पापडासारखे सुटते. खिडक्यांच्या फटी भरण्याचे सिलिकॉन ऊन-पाऊस उत्तम सोसते, परंतु पॉलिप्रोपिलीनला भरवशाने धरत नाही. चपला आणि लॅमिनेट चिकटवण्याचे रबरी द्रव्य दोन्ही पृष्ठभागांवर लावून, थोडे सुकू देऊन, मग दाबून बसवतात. घरातील किंवा थोड्या दिवसांच्या फलकासाठी ते चालू शकते. उन्हातल्या कायमच्या फलकासाठी त्यावर विसंबू नये.

बंदुकीतून वितळवून सोडल्या जाणाऱ्या कांड्या कामाला सोयीच्या असतात. पत्रे एकावर एक चिकटवणे, खोके जोडणे, प्रदर्शनातील मांडणी करणे यांसाठी त्या उपयोगी पडतात. पॉलिप्रोपिलीनच्या जातकुळीतल्या पदार्थांपासून बनवलेल्या कांड्या नेहमीच्या कांड्यांपेक्षा येथे अधिक चांगली पकड घेतात. दोन गोष्टींचे भान मात्र ठेवावे लागते. कांडी फार तापलेली असेल तर पातळ पत्रा वाकडा होतो आणि नेहमीच्या कांडीचा सांधा कडक उन्हात पुन्हा मऊ पडतो.

फलकाच्या रोजच्या कामासाठी कमी पृष्ठऊर्जेच्या प्लास्टिकसाठी बनवलेली दुहेरी ॲक्रिलिक चिकटपट्टी हा बहुधा सर्वांत व्यवहार्य पर्याय ठरतो. तिच्यातील फेसाचा थर ताणला जातो, त्यामुळे उन्हातील प्रसरण ती सामावून घेते. साधी दुहेरी पट्टी आणि ही पट्टी दिसायला सारख्याच असतात. म्हणून वेष्टनावर पॉलिप्रोपिलीनचा स्पष्ट उल्लेख आहे की नाही हे वाचून घ्यावे. सर्वांत बळकट सांधा देणारे द्रव्य म्हणजे पॉलिप्रोपिलीनसाठीच घडवलेले दोन भागांचे ॲक्रिलिक. ते महाग असते आणि त्याच्या वापराला सराव लागतो, पण त्याला पूर्वलेपाची गरज भासत नाही. चिकटद्रव्य न वापरता गरम हवेच्या झोताने आणि पॉलिप्रोपिलीनच्याच कांडीने सांधा वितळवून जोडण्याचीही पद्धत आहे. पॉलिप्रोपिलीन सुमारे १६० ते १६५ अंश सेल्सियसला वितळते. पन्हळी पत्र्याचे थर पातळ असल्यामुळे हात जरा थांबला तरी त्याला भोक पडते. म्हणून हे काम आधी टाकाऊ तुकड्यांवर शिकावे.

कामाची रीत

उत्तम द्रव्य निवडूनही घाई केली तर सांधा कच्चाच राहतो. पत्र्यावर धूळ, हातांचे तेल आणि कारखान्यातील पदार्थांचे अंश असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने एकाच दिशेने पुसावे, फडके वरचेवर बदलावे आणि पुसलेल्या जागेला पुन्हा बोट लावू नये. थंडीच्या दिवसांत सकाळी पत्र्यावर दव असते; ते पूर्ण सुकू द्यावे. चिकटपट्टी लावल्यावर रूळ फिरवून ती सर्व बाजूंनी दाबावी. तिची पकड पहिल्या क्षणी पूर्ण नसते. ती वाढत जाऊन पूर्णत्वास पोचायला सुमारे तीन दिवस लागतात. आज चिकटवलेला फलक आजच टांगण्याचा आग्रह धरणाऱ्या ग्राहकाला ही गोष्ट समजावून सांगणे हाही कारागिराच्या कौशल्याचाच भाग होय.

मोठे काम हाती घेण्यापूर्वी त्याच पत्र्याच्या दोन पट्ट्या जोडून पाहाव्यात. एक नमुना गच्चीवर उन्हात आणि दुसरा दिवसभर पाण्यात ठेवावा. तीन दिवसांनी दोन्ही हाताने सोलून पाहावेत. द्रव्य एका पट्टीवरून स्वच्छ निघून आले, तर ते पृष्ठभागाला चिकटलेच नव्हते. द्रव्य मधोमध फाटून दोन्ही पट्ट्यांवर राहिले, तर पृष्ठभागावरची पकड चांगली आहे असे समजावे. पट्टीचा थरच फाटला, तर सांधा पत्र्याहून बळकट झाला. लेखी माहिती उपलब्ध नसतानाही ही चाचणी खरे उत्तर देते आणि तिला खर्चही जवळजवळ येत नाही.

नळ्यांची दिशाही पाहावी लागते. नळ्या उभ्या राहतील असा फलक बसवल्यास आत शिरलेले पाणी खाली वाहून जाते. वरची कड पट्टीने बंद करावी आणि खालची मोकळी ठेवावी. अधिक ताठपणा हवा असेल तर दोन पत्रे, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, असे चिकटवावेत. अशा वेळी आडव्या नळ्यांची टोके मात्र दोन्ही बाजूंनी बंद करावी लागतात.

रबरी द्रव्यांतील आणि पूर्वलेपांतील द्रावके चटकन पेट घेतात व त्यांची वाफ श्वासाला अपायकारक असते. बंद खोलीत, विडी-सिगारेटच्या किंवा शेगडीच्या जवळ त्यांचा वापर करू नये. डबे मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. झटपट द्रव्याने बोटे चिकटली तर ती ओढून सोडवू नयेत; कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हलके हलके मोकळी करावीत.

चिकटद्रव्याची मर्यादा

इतके सारे जाणूनही शेवटी एक प्रश्न विचारावाच लागतो : ही जागा चिकटद्रव्यावर सोडण्याजोगी आहे काय? दुकानाच्या आतील फलकाला, पाटीवरील अक्षराला किंवा दोन थरांच्या जोडणीला ते पुरेसे असते. पण पादचाऱ्यांच्या डोक्यावर टांगलेल्या फलकाचा सगळा भार केवळ डिंकावर टाकणे धोक्याचे आहे. तेथे स्क्रू, रुंद वॉशर, तार किंवा उन्हात न कुजणारे बंध यांचाच आधार हवा. वॉशर रुंद असला की जोर पसरतो आणि पातळ पत्रा फाटत नाही. पत्र्यातील भोक स्क्रूहून किंचित मोठे ठेवले की उन्हातील प्रसरणाला जागा मिळते. अशा फलकात चिकटद्रव्याने फडफड थांबवावी आणि भार स्क्रूने वाहावा, ही कामाची वाटणी योग्य ठरते.

वाऱ्याला कमी लेखल्याचे परिणाम किती भयंकर होऊ शकतात, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात एक प्रचंड जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जणांचा मृत्यू झाला. तो फलक पोलादी सांगाड्याचा होता. त्याचा प्रश्न पायाचा आणि उभारणीचा होता, डिंकाचा नव्हता. तरीही लहान पाटी लावणाऱ्यालाही त्यातून एक बोध घेता येतो. रस्त्यावर उभारलेली कोणतीही वस्तू ही केवळ मालकाची राहत नाही. तिच्याखालून जाणाऱ्या प्रत्येकाचा तिच्याशी संबंध येतो.

फलकाचे आयुष्य संपल्यावरचाही विचार करावा. पॉलिप्रोपिलीनवर त्रिकोणी खुणेत ५ हा अंक असतो आणि हे प्लास्टिक पुन्हा वितळवून वापरता येते. डिंकाचे आणि पट्ट्यांचे थर शक्य तितके काढून दिलेला पत्रा भंगारात अधिक उपयोगी पडतो. स्क्रूने बसवलेला फलक सोडवायला सोपा असतो, हाही त्याचा एक लाभच होय.

पाटी लिहिणाऱ्याचे नाव पाटीवर नसते. वाचणाऱ्याला दिसतात ती दुकानाचे नाव आणि अक्षरे. त्यामागचा सांधा कोणालाच दिसत नाही. तो दिसतो फक्त सुटतो त्या दिवशी. वळवाच्या अनेक सरी येऊन गेल्या, अनेक उन्हाळे सरले आणि तरी पाटी जागच्या जागी राहिली, तर तिच्या मागे कोणीतरी आधी पत्रा पारखला होता, मग वाऱ्याचा हिशेब केला होता आणि सर्वांत शेवटी डिंकाची नळी उघडली होती, असे खुशाल समजावे.